घरी बडबडणारं मूल माईकसमोर गप्प का होतं?

१ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, १५ ऑगस्टला झेंडावंदन, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, मग गणेशोत्सवातल्या स्पर्धा, गांधी जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी हायस्कुलांत वर्षभर कुठलं ना कुठलं भाषण ठरलेलं असतं. त्यात शिक्षण खात्याची ‘प्रतिभा कारंजी’ ही शालेय कलागुणांची स्पर्धा असते. थंडी पडली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि शेतातली कामं उरकून माणसं मांडवात येऊन बसतात. बोललेला शब्द इतक्या आवडीनं ऐकणारा मुलूख शोधून सापडणार नाही.

तरीही याच मुलखात बहुतेक मुलं दहावी संपेपर्यंत चारचौघांत उभं राहून दोन मिनिटं स्वतःच्या मनानं बोललेली नसतात. शाळेतून दोन-तीन ठरलेली नावं पुढे जातात, त्यांनाच भाषण लिहून दिलं जातं, त्यांचंच पाठांतर घेतलं जातं. बाकीचे टाळ्या वाजवतात. दहावीनंतर हीच बाकीची मुलं पीयू कॉलेजात (म्हणजे अकरावी-बारावीला), तोंडी परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत एकदम उघडी पडतात. मग पालक विचारतात, “घरी याचं तोंड मिटत नाही, आणि तिथं उभं केलं की शब्द फुटत नाही. असं कसं?”

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: वक्तृत्व ही देणगी आहे, ते अंगातच असावं लागतं. हे उत्तर चुकीचं आहे आणि त्यानं मुलांचं नुकसान होतं. सभेत बोलणं शिकवता येतं, तेही वर्गातल्या प्रत्येकाला. कसं, ते समजायला आधी मुलाच्या शरीरात काय घडतं ते पाहू.

छातीत धडधडतं तेव्हा आत काय चालू असतं

पन्नास डोळे एकाच वेळी आपल्याकडे वळले की मेंदू त्याला धोका समजतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन नावाचं रसायन रक्तात सुटतं. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. पळून जायला किंवा झुंजायला शरीर तयार होत असतं. समोर वाघ आला काय आणि नववी ‘ब’चा वर्ग बसला काय, शरीराची पहिली हालचाल सारखीच.

हायस्कूलच्या वयात हे जास्त जाणवतं. तेरा ते सोळा या वर्षांत बरोबरीच्या मुलांना आपण कसे वाटतो, ही गोष्ट मुलाच्या लेखी सगळ्यात मोठी होऊन बसते. “चौथीत किती धीट बोलायचा, आता काय झालं?” असं आई म्हणते. झालेलं एवढंच की मुलगा मोठा होतोय. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात, आवाज जवळजवळ एका सप्तकानं खाली उतरतो आणि उतरताना मध्येच फाटतो. भर सभेत आवाज चिरकला, मागच्या बाकावरून हसू आलं, की तो मुलगा पुन्हा माईककडे फिरकत नाही. आठवीच्या वर्गात शिक्षकांनी एकदा सरळ सांगून टाकावं की हे सगळ्यांचं होणार आहे आणि त्यावर हसायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण फार कमी ठिकाणी होताना दिसतं.

आता दुसरी गोष्ट. एखादं काम करताना मन जेवढं तात्पुरतं धरून ठेवू शकतं, त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. ती फार लहान असते, एका वेळी साधारण चार गोष्टी मावतील एवढी. “लोक काय म्हणतील”, “हात कुठे ठेवू”, “आवाज थरथरतोय का” हे तीन प्रश्न आत शिरले की भाषणाला जागाच उरत नाही. काल रात्री घडाघडा म्हटलेलं सकाळी आठवत नाही, ते यामुळे. मूल आळशी आहे किंवा त्यानं तयारी केली नाही, असा अर्थ लगेच काढू नये.

दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी संशोधनातून पुढे आल्या आहेत. केनेथ सॅवित्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं की बोलणाऱ्याला आपली भीती जितकी उघड दिसते असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधी सांगितली गेली, त्यांची भाषणं खरोखर जास्त चांगली झाली. २०१४ साली हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांना आढळलं की “मी शांत आहे” असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा “मला हुरूप आलाय” असं म्हणणारे जास्त प्रभावी बोलतात. धडधडती छाती दडपून शांत करणं अवघड असतं. तीच धडधड कामाला लावणं सोपं असतं. म्हणून “घाबरू नकोस” हे वाक्य बंद करून “छातीत धडधडतंय ना? मग तू तयार आहेस” असं म्हणून पाहा.

श्वासाचंही एक साधं तंत्र आहे. उभं राहिल्यावर लगेच तोंड उघडायचं नाही. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवायचे, एक श्वास सावकाश पूर्ण सोडायचा, नवा श्वास पोटापर्यंत घ्यायचा, मग पहिलं वाक्य. आपण बोलतो ते श्वास सोडताना. छातीत अर्धाच श्वास असेल तर वाक्याच्या शेवटी आवाज विरतो, आणि मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यानं नेमका अर्थच ऐकू येत नाही.

पाठ केलेलं भाषण मध्येच का तुटतं?

“सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.” ही सुरुवात सीमाभागातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतींनी ऐकली आहे. पुढचं भाषण बहुतेक वेळा वडिलांनी, बाईंनी किंवा यूट्यूबवरच्या कुणीतरी लिहिलेलं असतं. मुलाचं काम ते पाठ करायचं.

अशा पाठांतरात एक वाक्य पुढच्या वाक्याची आठवण करून देतं. मधलं एक निसटलं की पुढचं आठवण्याची सोय राहत नाही. म्हणून मूल अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, त्याच जागी पुन्हा अडतं आणि डोळ्यांत पाणी येऊन खाली उतरतं. याच मुलाला कालच्या कबड्डीच्या सामन्याबद्दल विचारा. दहा मिनिटं न थांबता सांगेल. तिथं त्याला वाक्यं आठवावी लागत नाहीत. घडलेल्या गोष्टी डोळ्यांपुढे असतात, वाक्यं आपोआप सुचतात.

भाषणाची तयारीही तशीच करायची. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर चार मुद्दे, प्रत्येकाला दोन-तीन शब्द. पूर्ण वाक्य लिहायचंच नाही, कारण लिहिलं की मूल ते वाचायला लागतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र तोंडपाठ असू द्यावं. सुरुवातीची भीती आणि शेवटची घाई तेवढ्यानं निम्मी होते. अभंगाची ओळ, कवितेचं कडवं, एखाद्याचं वचन हेही पाठच हवं, ते मनानं बदलता येत नाही.

चार मुद्दे कसे मांडायचे, हा प्रश्न आपल्या मुलांसाठी सुटलेला आहे, फक्त तो कुणी दाखवून देत नाही. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात ही मुलं कीर्तन ऐकत मोठी होतात. कीर्तनाच्या नारदीय पद्धतीत पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, अभंग घेऊन त्याचा अर्थ उलगडतात, उत्तररंगात तोच अर्थ एखाद्या आख्यानातून दाखवतात. एक म्हणणं, त्याचा उलगडा, ते पटवणारी गोष्ट, आणि परत मूळ म्हणण्यावर येणं. दोन मिनिटांच्या भाषणाला याहून चांगला सांगाडा मला माहीत नाही.

समजा कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलीला बोलायचं आहे. म्हणणं: पावसाळ्यात आमच्या वर्गाची हजेरी निम्मी होते. उलगडा: ओढ्याला पाणी येतं, बस वाटेतून परत जाते, लहान भावंडांना एकटं पाठवत नाहीत. गोष्ट: आषाढातल्या एका दिवशी आम्ही तिघी पलीकडे अडकलो, मग काय केलं. परत म्हणणं: म्हणून पावसाळ्यापुरती बसची वेळ बदलावी. हे भाषण कुणी लिहून द्यायला नको आणि ते विसरणंही शक्य नाही.

पाठांतर काढून घेतलं तर मुलं उभीच राहणार नाहीत

ही शंका शिक्षकांकडून नेहमी येते आणि ती खरी आहे. पाठांतर हा मुलाचा आधार असतो. आधार एकदम काढला तर मूल बुडेल.

गावात विहिरीत पोहायला शिकवतात ते आठवा. पाठीला सुका भोपळा किंवा प्लास्टिकचा डबा बांधतात, काका नाहीतर थोरला भाऊ आधी पाण्यात उतरतो, पहिले काही दिवस पायरी धरून नुसते पाय मारायचे. मग डबा सैल करतात. मग एक दिवस डबा नसतो. कुणी पहिल्याच दिवशी कठड्यावरून ढकलत नाही, आणि काठावर बसवून पोहण्याचे नियम पाठ करून घेत नाही. भाषणाच्या बाबतीत मात्र आपण नेमक्या याच दोन गोष्टी करतो.

वर्गातल्या पायऱ्या अशा लावता येतात. पहिल्या आठवड्यात बाकावर बसूनच शेजारच्याला एक मिनिट सांगायचं, मग त्यानं आपल्याला. सगळा वर्ग एकाच वेळी बोलत असल्यानं कुणाकडेच कुणाचं लक्ष नसतं, आणि गोंगाट पाच मिनिटं सहन करावा लागतो. पुढे चौघांच्या गटात. त्यानंतर आपल्याच बाकापाशी उभं राहून. मग फळ्यासमोर, पण हातात काहीतरी वस्तू घेऊन: घरचा विळा, जुना फोटो, शेतातलं कणीस. वस्तू हातात असली की हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मिटतो आणि वर्गाची नजर वस्तूवर जाते. वस्तूशिवाय बोलणं त्यानंतर, आणि माईक सगळ्यात शेवटी.

माईक वेगळा शिकवावा लागतो, हे बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. मुलाला स्वतःचा मोठा झालेला आवाज कर्ण्यातून परत ऐकू येतो आणि ते दचकतं. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदाच माईक हातात देणं बरोबर नाही. प्रार्थनेच्या वेळी सुविचार, दिनविशेष, बातम्या सांगायला रोज नवीन मूल येऊ द्यावं. तोंड आणि माईक यांत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर, माईकवर फुंकर नाही, टकटक नाही, मान वळवली की आवाज जातो. एवढं आधी करून दाखवलं तरी पुरे.

आणि एसएसएलसीचा अभ्यास कुणी पुरा करायचा?

मुख्याध्यापकांचा हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची बोर्डाची, परीक्षा डोक्यावर असताना वक्तृत्वाचा वेगळा तास कुठून आणायचा?

वेगळा तास लागतच नाही. चाळीस मुलांचा वर्ग धरू. रोज चार मुलं, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे सहा मिनिटं. दहा दिवसांत सगळ्या वर्गाची एक फेरी होते. वर्षात शिकवण्याचे दोनशेच दिवस हाती आले असं मानलं, तरी प्रत्येक मूल वीस वेळा बोलतं. आठवी ते दहावी धरून साठ वेळा. स्पर्धेत पहिला आलेला मुलगासुद्धा शाळेच्या आयुष्यात इतक्या वेळा व्यासपीठावर जात नाही.

शिवाय बोलण्याचा विषय अभ्यासातलाच ठेवता येतो. विज्ञानाच्या तासाला “विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं?”, इतिहासाला कित्तूरची राणी चन्नम्मा १८२४ मध्ये इंग्रजांशी का लढली, गणिताला एखादं उदाहरण सोडवून दाखवणं. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून सांगितलं तर ते जास्त दिवस लक्षात राहतं; रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा अभ्यास हेच सांगतो. म्हणजे ही सहा मिनिटं अभ्यासातून काढलेली नाहीत, तीही उजळणीच आहे.

मराठीत बोलायला शिकून कन्नड आणि इंग्रजीत काय उपयोग?

सीमाभागातल्या आईवडिलांच्या मनात सगळ्यात खोल रुतलेली काळजी ही आहे. दहावीनंतर सायन्स घेतलं की शिकवणं इंग्रजीत. तालुक्याच्या कचेरीत, बसमध्ये, कित्येक बँकांत कन्नड. मग मराठी भाषणावर वेळ का घालवायचा?

बोलण्यात दोन थर असतात. एक भाषेचा: शब्द, वाक्याची ठेवण, उच्चार. हा थर प्रत्येक भाषेचा वेगळा, तो ज्याचा त्याला मिळवावाच लागतो. दुसरा थर त्याखाली असतो: मुद्दे कुठल्या क्रमानं मांडायचे, ऐकणाऱ्याला काय आधीच माहीत आहे, उदाहरण कुठे द्यायचं, कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, अडलं तर कसं सावरायचं. हा थर सगळ्या भाषांना सामाईक असतो. द्विभाषिक मुलांचा आयुष्यभर अभ्यास केलेले कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हीच मांडणी केली: पहिल्या भाषेत विचार मांडण्याची जी ताकद येते, ती दुसऱ्या भाषेत कामी येते.

आता कार्यकारी स्मृतीचा हिशोब आठवा. इंग्रजी शब्द शोधणं, भीती आवरणं आणि मुद्दे लावणं ही तिन्ही कामं एकदम दिली तर मूल कुठलंच करू शकत नाही. आधी मराठीत दुसरा थर पक्का झाला की इंग्रजीत फक्त पहिल्या थराशी झगडायचं राहतं. त्यामुळे एक सवय लावण्यासारखी आहे. जो विषय मराठीत दोन मिनिटं बोलला, तोच पुढच्या आठवड्यात एक मिनिट कन्नडमध्ये आणि त्यापुढच्या आठवड्यात एक मिनिट इंग्रजीत. चिठ्ठीवरचे मुद्दे तेच. कन्नड बोलताना मध्ये मराठी शब्द आला तर येऊ द्या, वाक्य थांबवू नका. शेजारी कन्नड बोलणारा मित्र असेल तर त्याच्यासारखा श्रोता नाही.

बेळगावच्या गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात आईबरोबर फिरणारं मूल एका दुकानात मराठीत, दुसऱ्यात कन्नडमध्ये, तिसऱ्यात हिंदीत भाव विचारतं. समोरचा माणूस बघून भाषा बदलण्याचं कसब त्याच्याकडे आहेच. शाळेनं ते कसब व्यासपीठापर्यंत आणायचं आहे.

इथं मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. या भागात भाषेवरून फार सोसलं गेलं आहे, आणि मराठीबद्दलचं आपलं प्रेम खरं आहे. त्या प्रेमापोटी मुलाला कन्नडपासून लांब ठेवणं त्याच्या हिताचं नाही, आणि इंग्रजीच्या धास्तीनं मराठीपासून तोडणंही नाही. ज्याला आपल्या भाषेत आपलं गाऱ्हाणं नीट मांडता येतं, तोच ते कचेरीतल्या खिडकीपाशी दुसऱ्या भाषेतही मांडू शकतो.

आमची बोली गावाकडची, सभेत कशी चालेल?

घरी “काय करायलायस?” म्हणणारं मूल फळ्यासमोर आलं की “आपण काय करीत आहात” असं बोलायचा प्रयत्न करतं. बोलता बोलता घरची बोली निसटते, वर्ग हसतो, बाई मध्येच चूक सुधारतात. त्या क्षणी मुलाचं लक्ष विषयावरून उडून शब्दांवर जातं आणि भाषण संपतं.

सरावाच्या वेळी बोली सुधारायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी मोठा फरक पडतो. प्रमाण मराठी शिकवायची, नक्की शिकवायची. मुलाखतीत आणि निवेदनात तिची गरज पडते. पण ती बोलण्याच्या मध्ये शिकवू नये. आधी मूल मोकळं होऊ द्या.

भारी शब्दांचंही तसंच. १ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळक याच बेळगावात स्वराज्यावर बोलले. राजसत्तेशी भांडण नाही, कारभार करणारी नोकरशाही बदलायची आहे, हा राज्यशास्त्रातला अवघड फरक त्यांनी समोरच्या सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत समजावला. हे भाषण आणि त्यानंतरची अहमदनगरची दोन भाषणं सरकारला इतकी झोंबली की त्यांच्याकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. पुढे नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. टिळक पुण्यतिथीला मुलं त्यांच्यावर अलंकारिक भाषणं करतात. त्याऐवजी टिळकांनी केलं तसं एक अवघड गोष्ट साध्या शब्दांत समजावून सांगायला लावलं, तर त्या दिवसाचं चीज होईल.

हातवारे, आवेश आणि ‘९३ टक्के’

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक आकडा हमखास ऐकू येतो: संवादात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि देहबोलीचं ५५. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आला आहे. त्या प्रयोगांत एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं होतं. भाषणाशी त्याचा संबंध नव्हता. आपला निष्कर्ष सगळ्या बोलण्याला लावू नका, असं मेहराबियन यांनीच नंतर सांगितलं आहे.

या आकड्यामुळे मुलं ओरडायला शिकतात. शिवरायांचं नाव आलं की मूठ वर, ‘माता’ म्हटलं की हात छातीवर. हे हावभाव बाहेरून चिकटवलेले असतात आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. हात मोकळे सोडा, मूल जे सांगतंय ते त्याला खरंच सांगायचं असेल तर हात आपोआप हलतात.

परीक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. भाषण संपल्यावर प्रत्येक स्पर्धकाला त्याच्या विषयावर एक सोपा प्रश्न विचारा आणि उत्तराला गुण ठेवा. पाठांतर कुठे संपतं आणि मुलाचं स्वतःचं बोलणं कुठे सुरू होतं, ते तिथं कळेल, आणि पुढच्या वर्षापासून शाळा तयारीची पद्धत बदलतील.

लाजरी मुलं आणि अडखळणारी मुलं

डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला टिळकवाडीत भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाचे. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आजही तिथं आहे, आणि २०२४ मध्ये त्या घटनेची शताब्दी झाली. देशभरातून आलेल्या हजारो लोकांपुढे उभे राहिलेले हे गृहस्थ तरुणपणी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले, तेव्हा त्यांना साक्षीदाराला एक प्रश्नही विचारता आला नव्हता. डोकं गरगरलं, ते खाली बसले आणि ३० रुपये फी परत केली. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. बोलण्यातल्या संकोचामुळे आपण मोजकं बोलायला शिकलो, असंही ते म्हणतात. लाजऱ्या मुलाला मोठ्यानं बोलायला भाग पाडण्यापेक्षा मोजकं बोलू द्यावं. तीन वाक्यं नीट बोलणारं मूल चांगलं बोलतं.

तोतरेपणाची गोष्ट वेगळी आहे, तो भित्रेपणा नाही. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला तो असतो. अशा मुलाचं वाक्य आपण पूर्ण करू नये, “सावकाश बोल” असं पुन्हा पुन्हा म्हणू नये, नजर वळवू नये. त्याचं संपेपर्यंत थांबावं. त्याची तयारी असेल तेव्हाच पुढे बोलवावं, आणि वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावं.

मुलींबद्दलही लिहायला हवं. कितीतरी कार्यक्रमांत स्वागतगीत आणि आभार मुलींकडे, मुख्य भाषण मुलाकडे अशी वाटणी झालेली दिसते. कुणी मुद्दाम करत नसेल, पण तीन वर्षं हेच घडलं की मुलगीही आपला वाटा तेवढाच समजते. रोज चार मुलांची फेरी हजेरीपटाच्या क्रमानं लावली तर हा प्रश्न न बोलता सुटतो.

बोलून झाल्यावर काय सांगायचं

“छान बोललास” यानं मूल सुखावतं पण शिकत नाही. दहा चुका सांगितल्या तर पुन्हा उभं राहत नाही. ऐकणाऱ्या मुलांना आधीच काम द्यावं: एकानं मुख्य म्हणणं काय होतं ते एका वाक्यात सांगायचं, दुसऱ्यानं लक्षात राहिलेली एक गोष्ट सांगायची, तिसऱ्यानं एक प्रश्न विचारायचा. पहिल्याला म्हणणं सांगता आलं नाही, तर ते स्पष्ट झालं नव्हतं हे बोलणाऱ्याला आपोआप कळतं. शिक्षकांनी पुढच्या वेळेसाठी एकच बदल सुचवावा, आणि पुढच्या फेरीत तोच तपासावा. वाक्यातला शेवटचा शब्द मागच्या बाकापर्यंत ऐकू आला का, चिठ्ठीवरून नजर वर आली का, एवढंच.

सुरुवातीचे विषय असे असावेत की त्याबद्दल बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत असेल. ‘भारताची अंतराळ झेप’ यावर पंधरा वर्षांचं मूल दुसऱ्याचीच वाक्यं बोलणार. येळ्ळूरच्या मुलाला भाताची लावणी, निपाणीच्या मुलीला तंबाखूची वखार, खानापूरकडच्या मुलाला शेतात शिरलेला गवा, बेळगाव शहरातल्या मुलीला घरच्या दुकानातला कुंदा कसा आटवतात ते सांगायला लावा. घरी आईवडिलांनीही रात्री जेवताना टीव्ही बंद करून एक मिनिट द्यावं: आज शाळेत काय कळलं ते सांग, आणि सांगून होईपर्यंत आम्ही मध्ये बोलणार नाही.

शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात बाकावरच्या जोड्या लावायच्या. जुलैअखेर मुलं फळ्यासमोर आलेली असतील, आणि १ ऑगस्टच्या कार्यक्रमाला कुणाला पाठवायचं हे ठरवण्यासाठी शिक्षकांकडे दोनऐवजी निम्म्या वर्गाची नावं असतील.